‘शस्त्रक्रिया यशस्वी’, मग पुढे काय?

जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया झालेले बालक मंत्रिमहोदयांच्या हातून पुष्पगुच्छ स्वीकारते, छायाचित्र छापून येते आणि खाली मजकूर असतो : बालक पूर्ण बरे झाले. हे अर्धसत्य आहे. आणि त्याची किंमत गरिबाच्या पोराला विशी-तिशीत मोजावी लागते.

‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’ हाच विकार घ्या. ओठ निळे पडणाऱ्या या बालकांवरील पहिला शस्त्रोपचार १९४४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. (त्यामागील प्रयोगशाळेतील राबणूक व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाची, शस्त्रक्रियेला नावे मात्र ब्लॅलॉक व टॉसिग यांची!) १९५४ साली लिलेहाय यांनी हृदयाच्या आतील दोष दुरुस्त करून दाखविला. आज अशी बहुसंख्य बालके प्रौढ होतात, हा विज्ञानाचा निःसंशय विजय आहे.

परंतु फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा गळकी राहते. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे येते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे फुगत जातो. रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो शाळा संपवितो, कामाला लागतो, ओझी उचलतो. मग एखाद्या दिवशी हृदयाची लय बिघडते. नियमित तपासणी असेल तर वेळीच नवी झडप बसविता येते. तपासणी नसेल, तर बिघाड कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ही तपासणी कोणी करावयाची? २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. नेमकी धोक्याची वर्षे त्यानंतरची. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचा ढोल मोठा, पण तिचे पैसे रुग्णालयात भरती झालेल्यालाच. बाह्यरुग्ण तपासणी तिच्यात बसत नाही, आणि घरी सोडल्यानंतरचा खर्च मिळतो तो १५ दिवसांचा. हृदय आयुष्यभराचे, जबाबदारी पंधरवड्याची!

याला चूक म्हणणे भोळेपणाचे ठरेल. शस्त्रक्रियेचे ‘पॅकेज’ खाजगी रुग्णालयाला विकता येते. वर्षाकाठच्या इकोत ना नफा, ना छायाचित्र. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची कायम नोंद, जिल्हा रुग्णालयात मोफत वार्षिक इको आणि अठरा वर्षांनंतरही सरकारी खर्चाने उपचार, ही मागणी आरोग्य आघाडीवरील साथींनी आता जिल्ह्याजिल्ह्यांतून लावून धरली पाहिजे.