कोरड्या गावाचे पहिले पाणी

बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या अवर्षणप्रवण गावात पावसाळी पाण्याच्या प्रदूषणाची चर्चा करणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर पोहण्याचे नियम लावणे होय, असा आक्षेप घेतला जातो. मुंबई-कोकणात धो धो पाऊस पडतो म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवतो. बार्शी तालुक्यात मुळात पावसाचीच वानवा, असे या आक्षेपाचे तर्कशास्त्र आहे.

हे तर्कशास्त्र नेमके उलटे आहे. जमिनीत न मुरता छपरावरून, फरशीवरून व रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याला अपवाह म्हणतात, आणि त्याची घाण पाऊस किती पडला यापेक्षा दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे गेले यावर अधिक अवलंबून असते. दिवाळीनंतर मृगापर्यंत गच्चीवर धूळ, पारव्यांची विष्ठा आणि पालापाचोळा साचत राहतो, व जूनमधील पहिली सर ते सारे एका दमात खाली आणते. कोकणात छपरे चार महिने धुतली जातात. येथे सात-आठ महिन्यांची शिल्लक एका तासात नाल्याला लागते, आणि तो नाला नागझरी-भोगावतीच्या खोऱ्यातून सीनेला व सीनेतून भीमेला मिळतो.

दुसरा आक्षेप असा की गटार हे नगरपंचायतीचे काम आहे. ते आहेच, परंतु उघड्या गटारात पडलेले पाणी सहसा कोणत्याही शुद्धीकरणाविना ओढ्याला जाते, त्यामुळे घाण गटारात पडण्यापूर्वी अडवणे हाच स्वस्त उपाय उरतो, आणि ती जागा मालकाच्या उंबरठ्याच्या आत असते. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानापुढची काळी पडलेली जमीन पाहावी: जळके ऑइल सांडले की त्यावर भुसा किंवा कोरडी माती टाकून ती उचलून वेगळी ठेवण्याऐवजी पाइप लावून जागा धुतली जाते (उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या गावात हे चालते, हे विशेष), आणि ऑइल नाहीसे न होता केवळ जागा बदलते. खतांच्या दुकानात फुटलेल्या पोत्यातला युरिया, बांधकामावर रस्त्याकडेला उघडी टाकलेली वाळू, सिमेंटची घमेली विसळलेले क्षारयुक्त पाणी यांची गतही तीच होते. येथे खराटा पाण्याच्या पाइपापेक्षा श्रेष्ठ ठरतो, कारण तो घाण उचलतो, वाहवत नाही.

तथापि सर्वाधिक काळजी छपराचे पाणी बोअरमध्ये सोडणाऱ्यांनी घ्यावयास हवी. गच्ची न झाडता केलेले पुनर्भरण भूजलात घाण थेट पोहोचवते, कारण मातीच्या थरांतून होणारी नैसर्गिक गाळण त्यात टळते. शंभर चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होते; पहिल्या दोन सरींचे असे काहीशे लिटर पाणी बाहेर सोडता यावे, म्हणून उभ्या पाइपाच्या तळाशी बूच असावे लागते. वैशाखात गच्ची झाडून ते बूच काढून ठेवावे, आणि खाली ठेवलेल्या बादलीत पाणी नितळ दिसू लागल्यावरच पुन्हा बसवावे.