भीड, भीक आणि पेट्रोल

तर झालं असं की, गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी भल्या पहाटे मी आणि माझा एक मित्र कासला निघालो होतो. माझी गाडी म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. तीन वर्षांचे बोनस साठवून आणि "एवढी कशाला हवी?" हा घरच्यांचा प्रश्न साठ वेळा ऐकून घेतलेली. हायवेवरच्या एका पंपावर टाकी फुल केली, चहा मारला आणि निघालो. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडीने मान टाकली. आधी खडखड, मग इंजिनाचा पिवळा दिवा, मग वेग चाळीसच्या वर जायलाच तयार नाही. मागून माणसांनी गच्च भरलेली एक वडाप जीप आम्हाला ओव्हरटेक करून गेली. तिच्यातल्या आजोबांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ते मी या जन्मात विसरणार नाही.

सोमवारी वर्कशॉपमध्ये टाकी रिकामी केली. मेकॅनिकने थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि पाच मिनिटांनी दाखवलं. सरळ दोन थर! "सर, खाली दिसतंय नं, ते पेट्रोल नाही." इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टाकीची सफाई... बिल ४१,६०० रुपये. वॉरंटी? "इंधनामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही." पंपावर फोन केला तर उत्तर आलं, "आमचंच पेट्रोल कशावरून? टाकीत आधीचंही असेल की." आणि खरं सांगू? तर्क म्हणून त्याचा मुद्दा बरोबर होता. माझ्याकडे ना बिल होतं, ना घनतेचा आकडा, ना नमुना. ऑफिसात लॉग जोडल्याशिवाय आलेला बग मी वाचतसुद्धा नाही, आणि इथे मी स्वतःच पुराव्याशिवाय तक्रार घेऊन उभा!

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं. (तेही भेसळीचं.) आता मुद्दा.

हे ऐकल्यावर मित्रांनी जे सल्ले दिले त्यांनी मी जास्त वैतागलो. "ऑक्टेन बूस्टरची बाटली ओत." "प्रीमियमच भरत जा." "अमुक चौकातला पंप चांगला आहे, तिथेच जा." एका काकांनी तर निकालच दिला, "अशा गाड्या आपल्या देशात घ्यायच्याच कशाला?" म्हणजे पाणी विकणारा बाजूलाच राहिला, पेट्रोल मागणारा गुन्हेगार!

काकांसाठी थोडं तांत्रिक. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात, त्यामुळे सिलिंडरमधला दाब आणि तापमान जास्त असतं. इंधन हलकं असेल तर ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सर ते ओळखतो, संगणक ठिणगी उशिरा टाकतो, ताकद घटते. डायरेक्ट इंजेक्शनच्या हाय प्रेशर पंपाला तर वंगणही पेट्रोलचंच मिळतं. तिथे पाणी आलं की धातूवर धातू घासतो. म्हणजे माझी गाडी नाजूक नाही हो, ती फक्त आधी ओरडते. तेच पेट्रोल त्याच पंपावर डिलिव्हरीवाला पोरगाही आपल्या बाइकमध्ये भरतो. त्याच्या बाइकला नॉक सेन्सर नाही, एवढाच फरक. बाइक बंद पडली की त्याची दिवसाची कमाई बुडते आणि त्याला कोणी बूस्टर ओतायचा सल्लाही देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं त्या ई२०मुळे. थांबा. इथे दोन गोष्टींची खिचडी होतेय. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत टर्बो इंजिनाला ते उलट मानवतं. मात्र एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की ई०साठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२०वर ६ ते ७ टक्के घटेल. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी पोटात घेतं, पण हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. मग खाली पाणी आणि वर ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल. म्हणजे ई२० ही भेसळ नाही, पण जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरू देणाऱ्या गलथान पंपाला ते माफ करत नाही. आणि पाण्याला इथेनॉलच लागतं असंही नाही. जून २०२५मध्ये रतलामजवळ मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एकाच वेळी बंद पडल्या, त्या डिझेलच्या होत्या. त्या रात्री पंप लगेच सील झाला. मला मात्र "कशावरून?" ऐकावं लागलं.

माझा ई२०वरचा राग वेगळा आहे. मला विचारलं कुणी? युरोपात २०१८पासून पंपावर ई५, ई१० असं ठळक लेबल असतं. अमेरिकेत ऑक्टेनचा आकडा नळीजवळ पिवळ्या स्टिकरवर असतो. आपल्याकडे २०२५मध्ये सरकारने सांगितलं की ई२०चा ऑक्टेन ९५ आहे. मग '९५' म्हणून जास्त पैसे घेऊन विकलं जाणारं प्रीमियम नेमकं काय आहे? माझ्या बिलावर ऑक्टेन का नाही? इथेनॉलचं प्रमाण का नाही? बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर साखर किती ते छापतात, आणि चार हजारांच्या टाकीवर काही नाही!

पण सगळ्यात जास्त राग माझ्यावर, तुमच्यावर, आपल्या सगळ्यांवर आहे. नळाचं पाणी खराब, प्युरिफायर घेतला. वीज जाते, इन्व्हर्टर घेतला. रस्ता खराब, एसयूव्ही घेतली. प्रत्येक सार्वजनिक भानगडीतून आपण पैसे मोजून बाजूच्या दाराने सटकतो आणि त्याला स्मार्टपणा म्हणतो. पेट्रोलला बाजूचं दार नाही, मंडळी. सोसायटीच्या गच्चीवर रिफायनरी बसत नाही.

आणि पुढचं दार उघडंच आहे! कुठल्याही पंपावर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. एक थेंब टाका, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. घनता मोजून मागता येते. १५ अंश सेल्सिअसला बदललेला आकडा नोंदीतल्या आकड्यापेक्षा ३ एककांहून जास्त हलला तर काहीतरी गडबड आहे. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. या चाचण्या परिपूर्ण नाहीत, हुशार भेसळ त्यांतून निसटते. पण विचारणारं गिऱ्हाईक आहे हे कळलं, की पंपवाल्याचं गणित बदलतं.

मग आपण का विचारत नाही? मागे हॉर्न वाजतात म्हणून. लाज वाटते म्हणून.

मंजुनाथ षण्मुगम, इंडियन ऑइलचा अधिकारी, आयआयएम लखनौचा पदवीधर. भेसळीबद्दल पंप सील केला म्हणून नोव्हेंबर २००५मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत त्याला गोळ्या घातल्या. वय २७. माझ्याहून लहान. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे, त्यांना २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ भरदिवसा जिवंत जाळलं. त्यांनी भेसळ पकडली होती. ही माणसं जिवानिशी गेली, आणि आपल्याला फिल्टर पेपर मागायला मागच्या हॉर्नची भीड वाटते!

भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. ४१,६०० रुपये भरल्यावर मला ते नीट कळलं.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा घनता मागितली. पोऱ्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने जार शोधायला दहा मिनिटं लावली, जारवर धूळ होती. मागे चार गाड्या. तिसऱ्या गाडीतले गृहस्थ चिडून उतरले, काय चाललंय ते पाहिलं आणि म्हणाले, "झाल्यावर मलाही दाखवा हो."

बघा जमतंय का. आणि बिल घ्या.