मशीनीक सुपरचार्जर लावन दर्यो जिंकूक येणा नाय

परवा सोमवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, किनाऱ्यावरचा एक ओळखीचा पोरगा गॅरेजवर आला. पर्यटकांना फिरवायची फायबरची बोट आहे त्याची. हातात मोबाईल, मोबाईलवर परदेशातला कुठला तरी व्हिडिओ. "काका, माझ्या मशीनीक ह्यो सुपरचार्जर बसवन देशात काय? पैशे किती लागतले ता सांगा."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मगे गोयात बसवन घेतंय." पत्रादेवीचा नाका आमच्या बांद्यापासून हाकेवर. तिकडे कोणी ना कोणी पैसे घेऊन बसवून देईलही. म्हणून ही पोस्ट लिहितोय. तो एकटा असता तर चहा पाजून समजावला असता. पण गेल्या दोन वर्षांत हाच प्रश्न मला पाच-सहा जणांनी विचारलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की काका जुन्या वळणाचे, घाबरतात.

घाबरतोच. का ते सांगतो.

सुपरचार्जर म्हणजे काय, तर इंजिनाच्याच ताकदीवर पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा हवेचा पंप. साधं इंजिन श्वास घेईल तेवढीच हवा आत जाते. सुपरचार्जर ती कोंबून भरतो. बाहेरच्या दाबाच्या दीडपट दाबाने हवा भरली तर आत जवळजवळ दीडपट हवा. आता दीडपट हवेला पेट्रोलही दीडपट लागणार. इथे खरी गोम आहे.

तुमचं मशीन फ्युएल इंजेक्शनचं. पेट्रोल किती सोडायचं हे त्यातला कॉम्प्युटर ठरवतो, सेन्सरवर बघून. तो सेन्सर बहुधा बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला असतो. त्याच्या वर दाब गेला तरी तो बिचारा तेवढाच आकडा दाखवत राहतो. इंजेक्टरही फुल थ्रॉटलला आधीच जवळपास पूर्ण उघडलेले असतात. म्हणजे हवा दीडपट, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ पडतं, सिलिंडरमध्ये उष्णता वाढते, पेट्रोल वेळेआधी भडकतं, ठोके पडायला लागतात आणि पिस्टनला भोक. हे सगळं व्हायला सीझन लागत नाही, एक दुपार पुरे.

"पण काका, गाडयेक लावतत मा?" लावतात. गाडी आणि बोट यांत फरक आहे. बांद्याहून सावंतवाडीला जाताना तुम्ही फुल थ्रॉटल किती सेकंद देता? ओव्हरटेक करताना पाच-दहा. बाकी वेळ इंजिन आरामात असतं. बोटीला उतार नाही, न्यूट्रल टाकून सोडून देणं नाही. बोट म्हणजे भरलेला ट्रक घेऊन सतत आंबोली घाट चढणं. ती वाढीव उष्णता इंजिनाला तासन्‌तास सोसायची असते.

दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. बोटीत तो थंड कशाने करणार? खाऱ्या पाण्याने. आपल्या समुद्राचं पाणी आधीच कोमट, वरून मीठ आणि गाळ. नळी गंजली, कुठे पीळ पडला, की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये. मग ते इंजिन माझ्याकडे आणू नका, भंगारवाल्याकडे न्या.

त्यात आता पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं हे खरं, नाकारत नाही. पण ते पाणी ओढून घेतं, आणि दर्यावरच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि मशीन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. जगभरातल्या आउटबोर्ड कंपन्यांची नेहमीची शिफारस दहा टक्क्यांपर्यंतची. साध्या मशीनलाच हे जड जातंय, त्यावर तुम्ही दाब चढवणार.

आता मिळतं काय ते बघा. दीडपट ताकद म्हणजे दीडपट वेग असं वाटतं ना? पाण्यावर उठून धावणाऱ्या हलक्या बोटीलासुद्धा दीडपट ताकदीने वेग मिळतो साधारण सव्वापट, तोही मिळाला तर. पाणी कापत जाणाऱ्या आपल्या जड होडीला तर त्याहून कमी. वेग थोडा वाढवायला ताकद भरमसाट लागते, हा पाण्याचा कायदा आहे, आणि तो मंत्रालयात बदलून मिळत नाही. पेट्रोलचं बिल मात्र ताकदीच्या हिशोबाने वाढतं.

कोणी म्हणेल, कंपन्या स्वतः बसवतात त्याचं काय? बसवतात. मोठ्या जेट स्कीत सुपरचार्जर कंपनीतूनच येतो. पण तिथे पिस्टन, कॉम्प्रेशन, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं त्या दाबासाठी नव्याने बनवलेलं असतं. तरीही सी-डूच्या सुरुवातीच्या सुपरचार्जरमधले सिरॅमिकचे वॉशर फुटून त्यांचे तुकडे इंजिनाच्या ऑइलमध्ये गेल्याचा इतिहास आहे, आणि ते सुपरचार्जर ठरावीक तासांनी उघडून नव्याने बांधावे लागायचे. मर्क्युरीने 2004 साली सुपरचार्जरवालं सहा सिलिंडरचं 2.6 लिटरचं व्हेराडो आणलं. 2018 मध्ये त्याच कंपनीने 4.6 लिटरची व्ही-आठ इंजिनं काढली, सुपरचार्जरशिवाय. ज्यांच्याकडे कारखाना आणि इंजिनिअरांची फौज आहे ते मोठ्या साध्या इंजिनाकडे वळले, आणि आमचा पोरगा पार्सलने आलेल्या डब्यावर आयुष्य लावायला निघालाय.

स्वतःचं एकट्याचं आयुष्य लावत असता तर मी ही पोस्ट लिहिली नसती. त्याच्या बोटीत माणसं बसतात. कोल्हापूरची, पुण्याची, पोहायला न येणारी, मांडीवर पोर घेतलेली.

18 डिसेंबर 2024 आठवा. गेटवेहून घारापुरीकडे निघालेली 'नीलकमल'. नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी घेत होती, ताबा सुटला आणि ती थेट प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जीव गेले. नौदल! ज्यांच्याकडे प्रशिक्षण आहे, शिस्त आहे, वर्कशॉप आहे. तिथे हे झालं. आणि तुम्ही देवबागच्या संगमात, डॉल्फिन बघायला आलेल्या दहा बोटींच्या गर्दीत चाचणी घेणार? आपल्याच तारकर्लीला 24 मे 2022 रोजी वीस पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. त्याचं खापर मी इंजिनावर फोडत नाही. एवढंच म्हणतो की दर्या चूक माफ करत नाही हे आपल्याला मुंबईकडून शिकायची गरज नाही.

आता दुसरी बाजू, कारण फक्त पोरांना शिव्या घालून मी मोकळा होणार नाही.

ही शर्यत पोरांनी सुरू केली नाही. मासेमारीकडे बघा. मलपीचे हायस्पीड ट्रॉलर तीन-चारशे अश्वशक्तीची इंजिनं घेऊन आपल्या हद्दीत घुसतात, गिलनेटवाल्यांची जाळी फाडून जातात, गस्तीनौका मागे राहते. 1981 पासून राज्याचा कायदा आहे. 5 फेब्रुवारी 2016 चा पर्ससीनवरचा आदेश आहे. नोव्हेंबर 2017 पासून केंद्राची एलईडी मासेमारीवर बंदी आहे. 2021 मध्ये दंड लाखांत नेला. 2025 च्या जानेवारीत ड्रोनही आले. कागद भरपूर. पण पोरगा बघतो काय, तर ज्याची मशीन मोठी त्याचं सगळं चालतं. मग त्याने तोच धडा घेतला तर दोष कोणाचा? आणि परप्रांतीयांच्या नावाने बोटं मोडताना हेही कबूल करा, की रात्री लाइट लावणाऱ्यांत आपलेही आहेत.

पर्यटनाचंही तसंच. सीझन जेमतेम आठ महिन्यांचा. बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा. ज्याची फेरी लवकर संपते त्याला दुसरी फेरी मिळते. सहा वाजता डॉल्फिन दाखवून सातला दुसरी गिऱ्हाइकं भरायची. या गणितात सुपरचार्जर शहाणपणाचाच वाटणार.

मग उपाय काय? ताकदीला ताकद हे उत्तर नव्हे. ताकदीच्या शर्यतीनेच दर्या रिकामा केला, आता ती खाडीत आणू नका. माझ्या मागण्या साध्या आहेत.

बोटीचा सर्व्हे करताना मशीनचं वरचं झाकण उघडून बघा. नोंदणीत लिहिलेली अश्वशक्ती आणि आत बसवलेलं सामान जुळतं का ते तपासा. आज अनेकदा नंबर बघतात, जॅकेट मोजतात आणि सही होते.

फेऱ्यांना नंबर लावा. रिक्षा स्टँडवर लागतो तसा. नंबर ठरलेला असला की पळायचं कारणच उरत नाही. हे बोटवाल्यांच्या संघटनांनी एका बैठकीत करण्यासारखं आहे, सरकार लागत नाही.

आणि जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये आउटबोर्ड मशीनचा कोर्स नीट चालवा. एवढा किनारा, एवढी मशिनं, आणि इंजेक्शनचं मशीन स्कॅनर लावून तपासणारे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मग पोरं व्हिडिओच बघणार.

ऑगस्ट 2019 मध्ये तेरेखोलचं पाणी बांद्याच्या बाजारात शिरलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. अशा वेळी बोटीची अश्वशक्ती कोणी विचारत नाही. पहिल्या झटक्यात चालू होते का, एवढंच विचारतात. मशीनची किंमत तिथे कळते.

त्या पोराला सांगणं: बाबू, जेवढे पैसे त्या डब्यावर घालणार होतास त्यातले थोडे खर्च कर. इंपेलर बदल, स्पार्क प्लग बदल, पेट्रोल फिल्टर पाणी वेगळं करणारा बसव, प्रोपेलर तुझ्या वजनाला जुळणारा घे, रोज गोड्या पाण्याने मशीन धू. बोट आहे त्याहून बरी पळेल आणि वाटेत बंद पडणार नाही. हे काम मी करून देतो, मजुरी नंतर दिलीस तरी चालेल.

सुपरचार्जर मात्र या गॅरेजात बसणार नाही. गोव्यात बसवलास तर कळव. तुझ्या बोटीत माझ्या घरचं कोणी बसणार नाही, आणि बसू नका असं मी दहा जणांना सांगेन.

कोणाला राग आला असेल तर कमेंटमध्ये भांडू नका. कधीही गॅरेजवर या, जळलेला पिस्टन ठेवलाय मी कपाटात. तो हातात घ्या आणि मग बोला.