ग्लोव्हजपेक्षा सरांचा पगार महत्त्वाचा

१९२५ साली मुंबईत दोन संस्था उभ्या राहिल्या. दादरला पु. ल. काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू केलं आणि त्याच वर्षी बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशनची स्थापना झाली. संघटित मुष्टियुद्धाची देशातली सुरुवात याच संस्थेपासून मोजतात. पुढे १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय मुष्टियुद्ध स्पर्धा भरली, तीही मुंबईतच, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. शंभर वर्षांनंतर या दोन वाटा फार वेगळ्या ठिकाणी पोचलेल्या दिसतात. समर्थच्या उदय देशपांडे यांना मल्लखांबासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कात झाली. मुष्टियुद्धाचा मुक्काम मात्र हरियाणातल्या भिवानीकडे आणि लष्कराच्या पुण्यातल्या क्रीडा संस्थेकडे हलला. मुंबईत ते आज ठळकपणे दिसतं ते लोअर परळच्या काचेच्या जिममध्ये, जिथे महिन्याची फी चार आकडी असते आणि दारातून आत जातानाच परळच्या चाळीतल्या मुलाला आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटतं.

ही जिम ज्या आवारांत आहेत, तिथे कधीकाळी गिरण्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. मैदानं मिळायची ती मिळाली नाहीत. गेलेली जमीन परत येणार नाही, म्हणून आहे त्या जागेत काय करता येईल याचा विचार करायला हवा. कमी जागेत भरपूर घाम काढणारा व्यायाम म्हणून मुष्टियुद्धाचा सराव इथे अगदी चपखल बसतो.

त्याला लागतं तरी काय? फरशीचा मोकळा तुकडा, दोरीउड्यांची दोरी, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, थोडे ग्लोव्हज, पॅड आणि टांगलेल्या काही बॅगा. तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती. असे सहा-सात राउंड झाले की धावपट्टीची गरज उरत नाही. पाय, कंबर, खांदे, श्वास सगळं एकदम कामाला लागतं. शिवाय ‘जॅब, क्रॉस, खाली वाक, बाजूला सर’ हा क्रम डोक्यात धरावा लागतो, त्यामुळे तेवढा वेळ ऑफिस, हप्ते, लोकलची गर्दी मनातून बाहेर राहते. नियमित व्यायामाने नैराश्य आणि चिंतेची लक्षणं कमी होतात, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उपचारांची जागा तो घेऊ शकत नाही, पण उपचारांपर्यंत न पोचणाऱ्या हजारोंसाठी तो मोठा आधार असतो.

आणि गरज किती आहे ते आकड्यांतून दिसतं. प्रौढांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम किंवा पंचाहत्तर मिनिटं जोरकस व्यायाम करावा, असं ही संघटना सांगते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढीही हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं दिसलं. गिरगावातल्या वाडीत सकाळी पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, मग फोर्टला नोकरीला जाणारी बाई दिवसभर राबते. तिला व्यायाम कर म्हणून सांगायचं, तर तिच्या घराजवळ, तिच्या वेळेला, तिला परवडेल असं ठिकाण द्यावं लागेल.

खेळाचं एक ठिकाण आसपासची वस्ती कशी बदलतं, याचं उदाहरण परळपासून फार लांब नाही. नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभं केलं. दाट वस्तीतल्या कामकरी कुटुंबांसाठी वर्ग, वाचनालय, खेळ असं सगळं एका छपराखाली होतं. समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था, म्हणजे आजची ‘टिस’, १९३६ मध्ये याच वास्तूत सुरू झाली. नागपाड्याच्या गल्ल्यांमध्ये बास्केटबॉल रुजला आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर याच वस्तीतून आले. तिथे क्रीडासंकुल आधी उभं राहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी दार उघडणारी, शिकवणारी आणि न आलेल्या पोराची चौकशी करणारी माणसं आधी होती.

अशा उपक्रमांचा हिशेब बहुतेकदा इथेच चुकतो. कुणी नगरसेवक निधी आणतो, यंत्रं येतात, फीत कापली जाते आणि दोन पावसाळ्यांत यंत्रांना गंज चढतो. बॉक्सिंगचा क्लब काढताना उलट क्रम धरावा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मुष्टियुद्धाच्या प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत. तिथून शिकून आलेला माणूस शोधावा आणि त्याचा पगार आधी ठरवावा. समजा साठ सभासद आहेत. पंचेचाळीस जणांनी महिन्याला चारशे रुपये दिले आणि पंधरा जणांनी, ज्यांना ते जड जातं, शंभर दिले, तर साडेएकोणीस हजार जमतात. संध्याकाळच्या दोन तुकड्यांसाठी सरांना पंधरा हजार दिले, तर उरलेल्यात वीज, पट्ट्या आणि बॅगांची शिवणकाम-दुरुस्ती भागते. शंभरवाला कोण आणि चारशेवाला कोण, हे फक्त खजिनदाराला माहीत असावं.

मात्र फुकट देऊ नये. थोडी का होईना, फी दिलेला माणूस सरांना जाब विचारतो, सरही त्याला विचारतात, आणि देणगीदार नाराज झाला म्हणून क्लब बंद पडत नाही.

सामानाचा एकरकमी खर्च लालबाग-परळच्या मोठ्या मंडळांच्या रोषणाईपुढे किरकोळ आहे. सरावाचे साधे ग्लोव्हज हजार-दीड हजारात मिळतात, मेरठ आणि जालंधरला ते मुबलक बनतात. बॅग वाळूने भरू नये. वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि मनगटं दुखावतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्या उत्तम, आणि चाळीत त्यांचा तुटवडा नाही. जुन्या इमारतीच्या तुळईला बॅग टांगण्याआधी इंजिनिअरला दाखवावं, नाहीतर लोखंडी स्टँड वापरावा. पट्ट्या ज्याच्या त्याच्या, रोज धुतलेल्या. मुंबईच्या दमट हवेत ग्लोव्हजना बुरशी धरते, म्हणून ते वाळवण्याची पाळी लावावी.

मुष्टियुद्धाबद्दलचा सगळ्यात गंभीर आक्षेप डोक्याला बसणाऱ्या ठोशांचा आहे, आणि तो खरा आहे. मेंदूला पुन्हापुन्हा बसणाऱ्या धक्क्यांचं नुकसान भरून येत नाही. त्यामुळे आरोग्यासाठी चालवलेल्या क्लबात एकमेकांवर ठोसे मारायला सरळ बंदी हवी. बॅग आणि पॅड, एवढंच. ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांना जिल्हा संघटनेकडे पाठवावं, तिथे त्यासाठी डॉक्टर आणि पंच असतात. ठोसा न खाता हा सराव किती दूर जाऊ शकतो, हे अमेरिकेतल्या ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ने दाखवलंय. २००६ पासून तिथे पार्किन्सन्सचे रुग्ण तोल आणि हालचाल सांभाळण्यासाठी ग्लोव्हज घालतात. गिरगाव-दादरमध्ये मुलं उपनगरांत गेली आणि आईवडील मागे राहिले अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सकाळची हलकी तुकडी का असू नये? रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच प्रवेश द्यावा.

मुलींना हा खेळ झेपेल का, हा प्रश्न तर महाराष्ट्राने निकालात काढला आहे. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनमध्ये युवा जागतिक विजेती झाली. तरी व्यायामशाळेच्या दारात ‘मुंबई श्री’ची पोस्टर्स लावून आत फक्त पुरुष असतील, तर लालबागची ताई पायरी चढणार नाही. बायकांची वेगळी वेळ, दाराला कडी असलेली कपडे बदलायची खोली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि शक्य तिथे महिला प्रशिक्षक, एवढं झाल्याशिवाय ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावू नये.

जागा आहेत. कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने आलं, त्याचं प्रभादेवीचं क्रीडा भवन गिरणगावाच्या ऐन मध्यावर आहे. पटसंख्या घटलेल्या महापालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. गणेशोत्सव मंडळांच्या खोल्यांमध्ये वर्षातले बरेच महिने सामान पडून असतं. गोविंदा पथकांतली शेकडो मुलं गुरुपौर्णिमेपासून गोपाळकाल्यापर्यंत रोज सराव करतात आणि नंतर दहा महिने त्यांना एकत्र बोलावणारं कुणी नसतं. त्यांना तर वेळेवर येण्याची आणि दादाचं ऐकण्याची शिस्त आधीच आहे.

घाई एका ठिकाणी करायला हवी. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत. गॅलरी गेली की शेजाऱ्याशी रोजची गाठ पडणंही कमी होतं. फिटनेस सेंटरची जागा ठरावीक मर्यादेत एफएसआयमधून वगळण्याची सोय नियमांत आहे. ती खोली कुठे असेल, तिची उंची बॅग टांगण्याइतकी असेल का आणि किल्ली कुणाकडे राहील, हे रहिवाशांनी नकाशावर सह्या करण्याआधी विचारावं आणि करारात लिहून घ्यावं.