दूध साकळवणारे विकर : जोर कशाचा मोजावा?

घरी पनीर करायचे तर उकळत्या दुधात लिंबू पिळले की काम झाले. दूध फाटते, पाणी वेगळे होते आणि गोळा फडक्यात बांधता येतो. पण मित्रांनो, चेडरसारखे चीज असे होत नाही. तेथे दुधाला विरजणासारखे जीवाणू लावतात खरे, पण दूध साकळवण्याचे काम मुख्यतः रेनेटकडे, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेल्या अर्काकडे असते. त्यातले विकर, म्हणजे एन्झाइम, ही करामत करते.

असे विकर कसे निवडावे, असे विचारले तर तुम्ही पटकन म्हणाल, सर्वांत जोरदार असेल ते घ्यावे. मला हे पटत नाही. का, ते पाहा.

दुधात केसीन या प्रथिनाचे बारीक कण तरंगत असतात. प्रत्येक कणावर कापा-केसीनचे केसाळ आवरण असते, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. दूधपित्या वासराच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात कायमोसिन नावाचे विकर असते. ते कापा-केसीनच्या साखळीतील १०५ व्या आणि १०६ व्या अमिनो आम्लांमधला नेमका बंध तोडते. केस गळाले की कण कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना बिलगतात आणि दूध घट्ट होते. बाकीच्या प्रथिनाला फारसा धक्का लागत नाही.

वासरू चारा खाऊ लागले की कायमोसिन घटते आणि पेप्सिन वाढते. पेप्सिननेही दूध साकळते, पण त्याची कात्री वाटेल तेथे चालते. तुटलेले तुकडे निवळीबरोबर वाहून जातात, म्हणजे चीज कमी भरते. जे मागे राहतात ते महिनोन् महिने मुरणाऱ्या चीजला कडवट करतात. म्हणून मी म्हणतो, साकळवण्याच्या जोराला या फुकटच्या तोडफोडीने भागा. भागाकार मोठा, ते विकर चांगले.

१९६० नंतर चीजचा खप वाढला आणि वासरांची जठरे पुरेनात. तेव्हा रेनेटमध्ये डुकराचे पेप्सिन मिसळू लागले. ते आम्लात तरतरीत असते. पण ताज्या दुधात आम्लता अगदी थोडी, तेथे ते ढेपाळते. इस्राएलमध्ये कोंबडीचे पेप्सिन वापरले गेले. ते इतके तोडखोर, की मुरवायच्या चेडरला ते चालत नाही. इटलीतल्या कोकरांच्या रेनेटची गोष्ट मात्र निराळी. तेथे जठराची लुगदी करतात. तिच्यात चरबी फोडणारे विकरही असते आणि पेकोरिनो रोमानोची झणझणीत चव बरीचशी त्याचीच. येथे माझा भागाकार लंगडा पडतो, हे कबूल केले पाहिजे!

मला सर्वांत मौज वाटते ती उंटाची. ज्या प्राण्याचे दूध त्याच प्राण्याचे विकर उत्तम, असे आपण सहज धरून चालतो. वासराच्या कायमोसिनने उंटिणीचे दूध नीट साकळत नाही, तेव्हा ही समजूत खरीच वाटते. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले, की गाईचे दूध साकळवण्यात उंटाचे कायमोसिन वासराच्या कायमोसिनपेक्षा सुमारे ७० टक्के सरस आहे आणि त्याची तोडफोड मात्र सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच!

मग चीजसाठी उंट मारायचे की काय? नाही. वासराचे जनुक जीवाणूत घालून त्याच्याकडून कायमोसिन करवून घ्यायला अमेरिकेने १९९० सालीच परवानगी दिली होती. अशा कायमोसिनला काही जण नकली म्हणतात. मला ते म्हणणे मान्य नाही. अमिनो आम्लांची साखळी तीच आणि तुटणारा बंधही तोच. उंटाचे कायमोसिनही आता बुरशीकडून करवून घेतात. त्यासाठी उंटाच्या पिलाला हातही लावावा लागत नाही.