क्रँक घेऊन हैदराबादला



मागच्या वेळचं बॅटरीवरचं वाचून आळंदच्या एका ताईंचा निरोप आला. "गाडीच्या पोटातून धडधड येते. मिस्त्री म्हणतो मेन बेअरिंग गेलंय, संध्याकाळपर्यंत नवीन टाकून देतो. टाकू का?" ताई, तो संध्याकाळपर्यंत म्हणाला असेल तर जरा थांबा. आधी आमच्या पद्मिनीचं ऐका.

साल १९९६, पावसाळ्याचे दिवस. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात अण्णांची सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी ही एकच मोटार. त्यामुळे रात्री-अपरात्री कुणाच्याही घरी अडचण आली की आमच्या दाराची कडी वाजायची. त्या रात्री शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. मी गाडी काढली. ओढ्याच्या उतारावर खालून दगड लागला आणि थोड्या वेळाने तेलाचा लाल दिवा पेटला. दवाखाना अजून सहा किलोमीटर होता. मागच्या सीटवर वहिनी, त्यांच्या सासूबाई, आणि कुणीच बोलत नव्हतं.

मी थांबलो नाही. शेवटच्या किलोमीटरला उखळात मुसळ आदळावं तसा आवाज यायला लागला आणि फाटकात शिरता शिरता इंजिन बंद पडलं. वहिनींना मुलगी झाली, दोघी सुखरूप. तळाच्या तेलाच्या टाकीला, म्हणजे संपला, चीर गेली होती आणि तेल सगळं रस्त्यावर सांडलं होतं.

अण्णा रागावले नाहीत. गाडीकडे बघून एवढंच म्हणाले, "तुरीचे पैसे आता हिला." त्या पैशांवर माझ्या बहिणीचं बीदरच्या कॉलेजचं वर्ष ठरलं होतं.

आता हे मेन बेअरिंग म्हणजे काय ते सांगतो. पिस्टन खाली-वर जातात, त्याचं गोल फिरणं करतो तो क्रँकशाफ्ट. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात हा दांडा तीन ठिकाणी टेकलेला असतो. तिथे सायकलीसारखे छर्रे नसतात. अर्ध्या बांगडीसारख्या दोन-दोन पातळ वाट्या असतात, आतून मऊ धातूचा लेप दिलेल्या. गंमत अशी की इंजिन चालू असताना दांडा त्यांना टेकतच नाही, तो तेलावर तरंगतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरच्या भोकातून तेल बाहेर येतंय म्हणून त्याने बूच मारलं, तर तेलाने ते बूचच उडवून लावलं. फिरणारा दांडा तेलाला ओढून फटीत दाबतो आणि त्या दाबावरच उचलला जातो, हे तेव्हा लक्षात आलं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. ही फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तेल संपलं की धातूवर धातू, आणि आधी मरतो तो मऊ धातू. त्याला मुद्दाम मऊ ठेवलेलंच असतं, महागडा दांडा वाचावा म्हणून.

आमचे उस्ताद भालकीचे. कडुलिंबाच्या फांदीला चेन कप्पी टांगून त्यांनी इंजिन बाहेर काढलं. वाट्यांचा राखाडी लेप जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मी म्हणालो, "उस्ताद, नवीन वाट्या आणतो, टाकून द्या." त्यांनी मायक्रोमीटर पुसला. "पैले नापो, फिर बोलो." दांडा एकाच जागी दोन बाजूंनी मोजला, तर माप वेगवेगळं. गोल राहिलाच नव्हता. अशा दांड्यावर नवीन वाटी म्हणजे वाकड्या पायाला नवा जोडा.

पुढचं अजून वाईट निघालं. मधल्या कॅपवर कानशीचे ओरखडे होते. आमच्याआधी कुणीतरी ढिलं झालेलं बेअरिंग आवळून बसावं म्हणून कॅप घासली होती. तशाने आवाज चार महिने दबतो, पण भोक लांबट होतं. दुसऱ्या इंजिनाची कॅप आणूनही भागत नाही, कारण कॅपा आपल्याच ब्लॉकवर बसवून एका ओळीत बोअर केलेल्या असतात. "कैकू घिसते जी ये लोगां," म्हणून उस्ताद बराच वेळ हळहळले. म्हणजे दांडा ग्राइंडिंगला आणि ब्लॉक लाइन बोअरिंगला, दोन्ही हैदराबादला. ब्लॉक टेम्पोत गेला. दांडा आडवा ठेवायचा नाही, वाकेल, अशी उस्तादांची सक्त ताकीद. म्हणून तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, दोन गुडघ्यांत उभा धरून मी तो बसने नेला. कंडक्टरने विचारलं काय आहे. "इंजिनाचं मणक्याचं हाड," म्हणालो. त्याने हसत हसत लगेजचं तिकीट फाडलंच.

दांडा पाव मिलिमीटर उतरवला आणि त्या हिशेबाने तेवढ्या जाड, अंडरसाइज वाट्या आणल्या. बसवताना उस्तादांनी मला जवळ बसवलं. तेलाच्या वाटा पिचकारीने धुतल्या. वाटीच्या पाठीला तेल नको, पोटाला हवं. वाटीचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर यायला हवं. प्रत्येक कॅप टॉर्क रेंचने आवळली की दांडा हाताने फिरवून बघायचा, अडकला तर तिथेच थांबायचं. तीन बेअरिंगांना अख्खी दुपार गेली. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं दुसऱ्या दिवशी.

तेव्हा ताई, पहिल्यांदा तेलाची पट्टी बघा आणि तेलाचा दाब गेज लावून मोजून घ्या. कधी कधी आवाज भलत्याच ठिकाणचा असतो. बेअरिंगच निघालं, तर मिस्त्रीला विचारा, दांडा मोजला का, आणि तेल कशामुळे कमी पडलं? कारण सापडलं नाही तर नव्या वाट्याही त्याच वाटेने जातील. आणि तोवर गाडी चालवू नका. लाल दिवा पेटला की इंजिन बंद करायचं, हे मी सांगतोय, ज्याने केलं नाही. त्या रात्री पुन्हा तसंच करीन का? बहुतेक हो.

बहिणीचं ते वर्ष मात्र गेलं. ती पुढच्या वर्षी कॉलेजला गेली, पण दिवाळीला जमलो की अजून ऐकवते, "माझं एक वर्ष दादाच्या इंजिनात आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाडी सुरू करण्याआधी उस्तादांनी प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवला, लाल दिवा विझेपर्यंत. मग अण्णांनी पाचशे किलोमीटर ती इतकी हळू चालवली की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. त्यानंतर पहिलं तेल काढलं. उस्तादांनी ते पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं आणि धातूची चमक दिसते का ते इकडून तिकडून बघितलं. नव्हती. फडकं खाली ठेवून त्यांनी पोराला हाक मारली आणि तीन चहा सांगितले.