अंगणातली शाळा : फक्त चिमण्या!

बालदोस्तांनो,

सकाळी अंगात स्वेटर आणि दुपारी कपाळावर घाम! असे दिवस सुरू झाले की समजायचं, थंडीबाई आता बिऱ्हाड आवरायला लागल्या. आमच्या चंद्रपूरकडे माघ सरत आला की हेच सुरू होतं. धान केव्हाच चुरून घरात आलेलं असतं. अंगणाच्या कोपऱ्यात तणसाचा ढीग असतो. बांध्यांमध्ये लाखोळी वाळायला लागते. घरामागच्या सांदवाडीत वांगी, टमाटर, सांबार आणि पोपटाच्या शेंगांचा मांडव. सांबार म्हणजे कोथिंबीर बरं का, इडलीबरोबरचं नव्हे! आणि पोपट म्हणजे वाल. तेव्हा आमच्याकडे कोणी 'आज पोपटाची भाजी केली' म्हणालं, तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी घाबरायचं कारण नाही.

अशाच एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना मी चौथीच्या वर्गाला एक अभ्यास दिला. "उद्या रविवारी सकाळी अंगणात पंधरा मिनिटं गप्प बसायचं. जे पक्षी दिसतील ते वहीत लिहून आणायचे." बस, एवढंच.

सोमवारी वह्या आल्या. एका वहीनं मात्र मला विचारात पाडलं. त्या वहीच्या मालकाचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण त्याला 'फक्तराव' म्हणू. का, ते त्याची वही वाचली की कळेल. त्यानं लिहिलं होतं :

'फक्त चिमण्या. फक्त कावळे. फक्त मैना. बाकी काही नाही.'

मी विचारलं, "अरे, चिमण्या किती होत्या?"

फक्तराव माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला तांदळाचे दाणे मोजायला सांगितले होते! म्हणाला, "बाई, चिमण्या कोण मोजते?"

सगळा वर्ग हसला. खरं सांगू? मलाही हसू आलं. आमचा जिल्हा ताडोबाचा. वाघ बघायला लोक कुठून कुठून येतात. तिथं चिमण्यांना कोण विचारतो? पण त्याचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी पुढच्या रविवारी सकाळी मीच फक्तरावांच्या घरी जाऊन थडकले.

अंगणात त्याचे आबाजी कोवळ्या उन्हात बसले होते. मी आल्याचं कारण सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, चिमण्याचं काय घेऊन बसल्या! आमच्या वेळी गिधाडं होते. ढोर मेलं की गावाबाहेर नेऊन टाकाचं. घंट्याभरात आभाळातून उतरत. झाडं काळी दिसत त्याहीच्यानं. दुसऱ्या दिवशी नुसती हाडं राहत."

"किती असायची आबाजी?"

आबाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लय राहत. पण मोजली नाही कधी. गिधाडं कोण मोजते?"

फक्तरावांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. अगदी त्याचंच वाक्य होतं ते!

मुलांनो, आता गिधाडांची ती गोष्ट तुम्हालाही सांगते. १९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात गिधाडं इतकी होती, की त्यांच्याकडे कोणी मान वर करूनही बघत नसे. त्यातलं पांढऱ्या पाठीचं गिधाड तर सगळ्यांत जास्त. मग ती कमी होऊ लागली. १९९२ साली अशी हजार गिधाडं होती असं धरा. २००७ सालापर्यंत त्यांतलं जेमतेम एक उरलं! हजारातलं एक!

असं का झालं? कारण सापडायला बरीच वर्षं लागली. गाय-बैल आजारी पडले, की दुखणं कमी व्हावं म्हणून त्यांना डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत. असं औषध दिलेलं जनावर लगेच मेलं, तर ते औषध त्याच्या मांसात राहायचं. ते मांस गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि थोड्याच दिवसांत ते मरायचं. हे कोडं २००३-०४ मध्ये सुटलं. २००६ साली आपल्या सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

पण गिधाडं कमी होत आहेत, हे आधी कळलं कसं? इथंच खरी गंमत आहे. राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं डॉ. विभू प्रकाश नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. ३५३ भरली. तेव्हा गिधाड म्हणजे काही विशेष पक्षी नव्हता. तरी त्यांनी मोजली आणि लिहून ठेवली. आठ-नऊ वर्षांनी पुन्हा मोजली, तर निम्म्याहूनही कमी! जुना आकडा वहीत होता, म्हणून नवा आकडा बघून छातीत धस्स झालं. जुना आकडाच नसता तर? 'पूर्वी लय होती' एवढंच म्हणत बसलो असतो.

आता आमच्याकडची गोष्ट ऐका. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची १० गिधाडं ताडोबाच्या जंगलात बोटेझरीला आणली. पुढे त्यांना मोकळ्या आभाळात सोडलं. सोडताना त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवली, म्हणजे ती कुठं जातात ते कळावं. तिकडे गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांसाठी चक्क 'उपाहारगृहं' सुरू केली होती. म्हणजे काय, तर विषारी औषध नसलेलं मेलेलं जनावर ठरलेल्या जागी ठेवायचं. बघा कसं आहे! हजारो होती तेव्हा मोजायला कोणी नव्हतं. आणि आता एकेका गिधाडाला नंबर आहे!

हे सगळं ऐकल्यावर फक्तरावांनी गुपचूप वही काढली. पानावर तारीख टाकली. वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटं. आणि आम्ही दोघं तणसाच्या ढिगाकडे तोंड करून बसलो.

पहिली पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग तणसातून चिमण्या उतरल्या. धानाचे चुकले-माकले दाणे टिपू लागल्या. एक, दोन, सात, अकरा... एक उडाली, दोन आल्या. फक्तराव मेटाकुटीला आला. "बाई, त्या थांबतच नाही!" मी त्याला युक्ती सांगितली. एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या, तेवढ्याच लिहायच्या. म्हणजे तीच चिमणी दोनदा मोजली जात नाही. चिमण्या भरल्या चौदा. त्यातल्या गळ्यावर काळा डाग असलेले नर पाच.

मग सांदवाडीत मुनग्याच्या फुलांवर एक इवलासा शिंजीर आला. उन्हात असा जांभळा चमकला, की फक्तरावांच्या तोंडून "आई गं!" निघालं. वांग्याच्या वाफ्यात सातभाई आले. नावाप्रमाणे सात नव्हते, सहाच होते! पण भांडत होते सतरा जणांएवढं. लाल बुडाचे बुलबुल दोन, मैना चार, कावळे तीन. कुंपणाच्या काटकीवर शेपटी थरथरवत एक पक्षी बसला होता. फक्तराव म्हणाला, "हा तर रोज असते इथं. नाव माहीत नाही." तो होता थिरथिरा. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून, हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो आणि उन्हाळा तापायच्या आत परत जातो. ज्याला फक्तराव 'रोजचा' म्हणत होता, तो तर महिन्याभराचाच पाहुणा उरला होता!

शेवटी आंब्यावरून आवाज आला, 'टुक् टुक् टुक् टुक्'. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा. हा तांबट. ऊन वाढू लागलं की याचं दुकान जोरात चालतं. दिसला मात्र नाही. फक्तरावांनी विचारलं, "लिहू का?" मी म्हटलं, "लिही, पण पुढं 'फक्त ऐकला' असंही लिही." या वेळचा 'फक्त' मात्र अगदी बरोबर होता.

मुलांनो, अशी मोजणी आपणच करतो असं समजू नका. इंग्लंडमध्ये मुलांसाठी म्हणून १९७९ साली अशी मोजणी सुरू झाली. जानेवारीच्या शेवटी घराघरांतली माणसं तासभर खिडकीशी बसतात आणि बागेतले पक्षी मोजतात. त्यांच्या यादीत चिमणीचा नंबर अजूनही पहिला लागतो. मग सगळं छान आहे, नाही का? नाही! १९७९ पासूनचे आकडे जुळवले तेव्हा कळलं, की चिमण्या निम्म्याहून कमी झाल्या आहेत. पहिला नंबर आला म्हणून मार्क कमी झाले नाहीत, असं थोडंच असतं!

आपल्या देशातही २०१३ पासून फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस अशी मोजणी होते. तिथं पंधरा मिनिटं पुरतात. अशाच हजारो हौशी लोकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचं प्रगतिपुस्तक तयार झालं. त्यासाठी तीस हजारांवर लोकांनी नोंदी दिल्या होत्या. त्यात काही मोठे शास्त्रज्ञ होते. पण बरेचसे तुमच्या-आमच्यासारखे, आपल्या अंगणात किंवा गॅलरीत उभे राहून बघणारे.

तर आता तुमची पाळी. नियम सोपे आहेत :

एक, पंधरा मिनिटं एकाच जागी बसा. तारीख, वेळ आणि जागा लिहायला विसरू नका.

दोन, जे दिसलं तेच लिहा. शेजारच्या मुलीनं मोर लिहिला म्हणून आपणही मोर लिहायचा नाही. खोटा आकडा रिकाम्या पानापेक्षा वाईट.

तीन, नाव माहीत नसेल तर चित्र काढा. 'मैनेएवढा, पोट पिवळं' असं लिहिलं तरी चालेल.

चार, एकही पक्षी आला नाही तर मोठ्ठं शून्य लिहा. तीसुद्धा नोंदच आहे.

पाच, गुलेर खिशात ठेवून मोजायला बसायचं नाही. काय म्हणते ते गुलेरवाल्यांना बरोबर कळलं असेल!

आणि आई-बाबांसाठीही एक विनंती. घरी गाय-बैल असतील आणि ते आजारी पडले, तर जनावरांच्या डॉक्टरांना जरूर विचारा, की हे औषध गिधाडांना चालतं का. मेलॉक्झिकॅमसारखं सुरक्षित औषध मिळतं. आणि मुलं अंगणात पंधरा मिनिटं नुसती बसलेली दिसली, तर 'रिकामा काय बसला, अभ्यास कर' असं म्हणू नका. अभ्यासच चाललेला असतो.

वही मात्र जपून ठेवा हं. पुढच्या वर्षी याच आठवड्यात, त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा बसायचं आहे. एका वर्षाच्या आकड्यानं फारसं काही कळत नाही. दोन वर्षांच्या आकड्यांनी प्रश्न पडायला लागतात. दहा वर्षांची वही असेल, तर तुम्ही तुमच्या गावाला काहीतरी सांगू शकाल, जे दुसऱ्या कोणाला माहीत नसेल.

आता फक्तरावांचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. सोमवारी त्यानं वही दाखवली. जुन्या पानावरचा 'फक्त' तीन ठिकाणी खोडला होता. खाली नवी ओळ होती : 'चिमण्या १४. आबाजी म्हणतात पूर्वी जास्त होत्या. किती, ते त्याइले माहीत नाही. मले माहीत राहील.'

मी त्याचं शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही.

तुमची,
बाई